आंब्याच्या पानातून डीएनए: तपकिरी, बुळबुळीत पेलेट का येतो आणि तो टाळायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हापूस, रत्ना, सिंधू आणि काही रायवळ झाडांची पानं देवगड-रत्नागिरी पट्ट्यातून गोळा केली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवली आणि दोन दिवसांनी भातावर उत्तम चालणाऱ्या सीटॅब पद्धतीनं (सीटॅब या डिटर्जंटवर आधारलेली पद्धत) डीएनए काढला. पेलेट (ट्यूबच्या तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) तपकिरी आला, पाण्यात नीट विरघळेना, पिपेटनं ओढला की तार सुटते. नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषणावरून डीएनए मोजणारं यंत्र) ६०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर दिसतंय, पण शुद्धता सांगणारी गुणोत्तरं कमी आहेत: २६०/२८० चं १.५ आणि २६०/२३० चं ०.६. जेलमध्ये (डीएनए आकारानुसार वेगळा करणारा थर) नमुना भरायच्या विहिरीतच चमक अडकलेली, खाली नुसता धूसर पट्टा. एसएसआर, म्हणजे जातीनुसार लांबी बदलणारे पुनरावृत्तीचे डीएनए तुकडे, त्यांच्या प्रायमरनं पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) लावला तर एकही बँड नाही. आता महागडं किट घ्यावं की हाच डीएनए फिनॉलनं पुन्हा साफ करावा, असं विचारलं आहे. पुढे नॅनोपोर सीक्वेन्सिंगही (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणं) करायचं आहे.

माझं स्पष्ट मत: हा डीएनए साफ करत बसू नका. नवीन पान आणा. तपकिरी रंग एकदा डीएनएला चिकटला की फिनॉल, कॉलम, पुन्हा अवक्षेपण, यांपैकी कशानंही तो पूर्ण सुटत नाही, आणि प्रत्येक फेरीत डीएनए तुटत व कमी होत जातो. आंब्यासारख्या झाडात डीएनएचा दर्जा पान तोडल्यापासून ते पूड गरम बफरमध्ये पडेपर्यंतच्या काळात ठरतो. त्यानंतरच्या पायऱ्या तो दर्जा टिकवतात, नव्यानं निर्माण करू शकत नाहीत.

तुमच्या लक्षणांचा अर्थ आधी लावू, कारण इथे दोन वेगळे त्रास एकत्र आले आहेत.

तपकिरी रंग पॉलिफिनॉलचा. आंब्याच्या पानात ते भरपूर असतात. मँजिफेरिन हे नावच आंब्यावरून पडलंय. जिवंत पेशीत ते रिक्तिकेत बंद असतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम वेगळ्या कप्प्यात असतं. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि क्विनोन तयार होतात. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ते याच क्रियेमुळे. हे क्विनोन प्रथिनांना आणि डीएनएला कायमचे जोडले जातात. असा डीएनए रिस्ट्रिक्शन एन्झाइमला कापता येत नाही आणि पीसीआरमधल्या टॅक पॉलिमरेज एन्झाइमला वाचता येत नाही.

बुळबुळीतपणा पॉलिसॅकराइडचा, म्हणजे पेक्टिन, डिंकासारखे पदार्थ आणि स्टार्च यांचा. हे अल्कोहोलमध्ये डीएनएसोबतच खाली बसतात. पेलेट जेलीसारखा दिसतो, डीएनए त्यात गुंतून राहतो, म्हणून जेलच्या विहिरीतून बाहेर पडत नाही. पीसीआरही हेच पदार्थ अडवतात.

आणि ते ६०० नॅनोग्रॅम? त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला गेला एवढंच सांगतो. फिनॉलिक पदार्थ आणि आरएनएही त्याच भागात प्रकाश शोषतात. खरा दुहेरी धाग्याचा डीएनए मोजायचा तर क्युबिटसारखं, डीएनएला चिकटणाऱ्या रंगावर चालणारं यंत्र हवं. अशा नमुन्यात क्युबिटचा आकडा नॅनोड्रॉपच्या दहाव्या हिश्शावर आला तरी मला नवल वाटत नाही. नॅनोड्रॉप फेकून द्यायचा नाही, पण त्यावरचा आकडा न बघता वक्र बघायचा. स्वच्छ डीएनएचा वक्र २३० ला खाली दबतो आणि २६० ला ठळक शिखर घेतो. शिखर २७० कडे सरकलेलं असेल, किंवा २३० चा खड्डा भरून निघालेला असेल, तर गुणोत्तर काहीही येवो, नमुना घाण आहे.

पान कुठलं, कधी आणि कसं

आंब्याला पालवी फुटते तेव्हा पान आधी तांबूस आणि लोंबतं असतं, मग पोपटी होतं, मग गडद हिरवं आणि कडक. मी पोपटी अवस्थेतलं पान घेतो: तांबूस रंग उतरलेला, पण बोटात चुरगळलं तर अजून मऊ. कोवळ्या पानात पेशी लहान आणि दाटीनं असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनात केंद्रकं जास्त मिळतात. कडक पानात पेशी फुगलेल्या, भिंती जाड, आणि वजनाचा मोठा वाटा नको असलेल्या गोष्टींचा. तुम्ही बहुधा हाताला लागली ती जुनी पानं आणलीत.

पालवी वर्षभर मिळत नाही ही खरी अडचण आहे. पॅक्लोब्युट्राझोल दिलेल्या बागांत तर ती आणखी कमी मिळते, कारण ते औषध शाकीय वाढच रोखतं. म्हणून गोळा करायला निघण्याआधी बागायतदाराला फोन करून पालवी आहे का ते विचारा. एवढ्यानं महिनाभराचं काम वाचू शकतं. पालवी नसेलच तर न उमललेला मोहोर किंवा कोवळ्या फांदीच्या सालीखालचा ओला थर चालतो. फळच हाती असेल तर साल घ्या, गर नको. गरात पेक्टिन आणि साखर फार. आणि कोयीतला गर्भ तर जात ओळखायला मुळीच घेऊ नका. हापूस एकभ्रूणी (कोयीत एकच गर्भ असलेला) आहे, त्याच्या कोयीतला जीव संकरातून आलेला, आईपेक्षा वेगळा असतो.

पान सकाळी लवकर तोडा. दिवसभर प्रकाशसंश्लेषण झालं की पानात स्टार्च साठतो आणि तो पेलेटमध्ये उतरतो. रोपवाटिकेतली पिशवीतली कलमं मिळत असतील तर त्याहून चांगलं: कलम दोन दिवस अंधारात ठेवा आणि मग पान तोडा. लाँग-रीड (नॅनोपोरसारखं, लांब तुकडे वाचणारं) सीक्वेन्सिंगसाठी तर मी हे केल्याशिवाय पुढे जात नाही.

झाडाखाली उभं राहिल्यावर एक गोष्ट नक्की बघा. कोकणातली बहुतेक हापूस कलमं रायवळच्या खुंटावर बांधलेली असतात आणि जोडाच्या खालून खुंटाचे फुटवे येतात. ते हाताच्या उंचीवर असतात, कोवळे असतात, तोडायला सोयीचे असतात. तिथलं पान घेतलंत तर हापूस म्हणून रायवळचा डीएनए घरी न्याल, आणि तो कितीही स्वच्छ निघाला तरी सगळं विश्लेषण चुकेल. जोडाच्या वरची फांदी बुंध्यापर्यंत नजरेनं माग काढून मगच तोडा आणि झाडाचा, जोडाचा फोटो नमुन्याच्या नंबरासह ठेवा.

तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढलेली पानं टाळा. पीसीआरला त्यानं फारसा फरक पडणार नाही, पण संपूर्ण जीनोम सीक्वेन्स केलात तर बुरशीच्या रीड्सचेही (वाचलेल्या डीएनए तुकड्यांचेही) पैसे भराल. चांगलं पानसुद्धा डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन, ७० टक्के इथेनॉलच्या कापडानं पुसून, कोरडं करून घ्यायचं. देठ आणि मधली शीर काढून टाका. देठात चीक असतो आणि शिरेत तंतूच जास्त.

आता वाहतूक. ताजं पान किंचित ओलसर टिश्यूत गुंडाळून, झिपच्या पिशवीत, बर्फाच्या डब्यात ठेवलं तर रात्रीच्या गाडीनं पुण्या-मुंबईला सुखरूप पोचतं. मात्र बर्फाला थेट टेकवू नका. पोचल्या दिवशीच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला ठेवा. घरगुती फ्रीजरमध्ये गोठवणं सगळ्यात वाईट. तिथे पान सावकाश गोठतं, बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात, आणि बाहेर काढल्यावर वितळता वितळता पान डोळ्यांदेखत काळं पडतं. नुसत्या फ्रीजमध्ये बंद पिशवीत दोन दिवस ठेवणंही बरं नाही. पान घामेजतं, तपकिरी डाग पडायला लागतात, न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइम) आपलं काम सुरू करतात.

शीतसाखळी जमत नसेल तर सिलिका जेल. पानाच्या वजनाच्या किमान दसपट सिलिका, पानाचे लहान तुकडे, फिल्टर पेपरच्या किंवा चहाच्या रिकाम्या पुडीत. चोवीस तासांत पान मोडलं तर कट्कन तुटलं पाहिजे. वाकत असेल तर सिलिका बदला. पावसाळ्यात कोकणात हवाच इतकी दमट असते की डबा दोन-चार वेळा उघडला तरी सिलिकाचा रंग बदलतो. एसएसआर आणि शॉर्ट-रीडसाठी (लहान तुकडे वाचणाऱ्या सीक्वेन्सिंगसाठी) सिलिकात वाळवलेलं पान उत्तम चालतं. लाँग-रीडसाठी मी ते वापरत नाही.

दळणं

द्रव नायट्रोजनमध्ये, गार केलेल्या खलात, अगदी पिठासारखी बारीक पूड करायची. पूड फिकट हिरवी, कोरडी, भुरभुरीत दिसली पाहिजे. ती ओलसर दिसू लागली किंवा खलाच्या कडेला गडद हिरवी चिकटू लागली की समजा वितळली. ऑक्सिडीकरण तेव्हाच सुरू होतं आणि बफरमधलं काहीही ते उलटं फिरवू शकत नाही. खलात नायट्रोजन संपायच्या आत पुन्हा ओता. चमचा, ट्यूब, सगळं आधी गार करून ठेवा.

प्रमाण: ताज्या पानाची १०० मिलिग्रॅम पूड, वाळलेल्या पानाची २० मिलिग्रॅम, साधारण १ मिलिलिटर बफरला. जास्त डीएनए हवा म्हणून पूड वाढवण्याचा मोह होतो. तो टाळा. पूड दुप्पट केली की घाण दुप्पट येते, बफरची ताकद मात्र तेवढीच राहते. जास्त हवा असेल तर ट्यूब वाढवा.

सॉर्बिटॉलची धुलाई

आंबा, कोकम, काजू, जांभूळ, थोडक्यात चीक किंवा तुरटपणा असलेल्या कुठल्याही झाडासाठी मी एकच बदल सुचवायचा असेल तर हा सुचवेन. भाताच्या पद्धतीत ही पायरी नसते, कारण भाताला ती लागत नाही.

बफर असा: ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ५ मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी-४०, आणि वापरायच्या वेळी १ टक्का मर्कॅप्टोइथेनॉल. बर्फात गार ठेवायचा. पूड यात टाकायची, ट्यूब जोरात हलवायची, सेंट्रीफ्यूजमध्ये ३,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या ३,००० पट) पाच मिनिटं फिरवायची आणि वरचा द्रव ओतून द्यायचा. सॉर्बिटॉलमुळे बाहेरचा परासरण दाब राखला जातो, त्यामुळे पेशी फुटलेल्या असल्या तरी केंद्रकं शाबूत राहून खाली बसतात. रिक्तिकेतले विरघळणारे फिनॉल आणि बुळबुळीत पॉलिसॅकराइड वरच्या द्रवात निघून जातात. या पायरीत डिटर्जंट अजिबात नाही, म्हणून डीएनए अजून केंद्रकात सुरक्षित असतो.

पहिल्या धुलाईचा द्रव दाट आणि गढूळ येतो. ट्यूब तिरकी केली की तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा सरकतो. दुसऱ्यांदा धुवा, तिसऱ्यांदा धुवा. किती वेळा हे आधी ठरवायचं नाही: वरचा द्रव पाण्यासारखा पातळ वाहू लागेपर्यंत धुवायचं. कडक पान असेल तर जास्त फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत थोडी केंद्रकं वाया जातात, पण उरतात ती उपयोगी पडतात. द्रव ओतताना खालचा हिरवा थर सैल असतो, घाई केली तर तोही निसटतो.

सीटॅब: काय करतो आणि कुठे फसवतो

सीटॅबची पद्धत जुनी आहे. मरे आणि थॉम्प्सन यांनी ती १९८० मध्ये मांडली आणि १९८७ मधल्या डॉइल आणि डॉइल यांच्या सोप्या रूपामुळे ती जगभर पसरली. ती अजून टिकून आहे, कारण तिचं रसायन वनस्पतींना नेमकं लागू पडतं. सीटॅब हा धनभारित डिटर्जंट. मिठाचं प्रमाण जास्त, म्हणजे ०.७ मोलरच्या वर असताना तो प्रथिनं आणि बरेचसे पॉलिसॅकराइड धरतो आणि डीएनए द्रावणात मोकळा राहतो. मीठ त्याखाली गेलं की सीटॅब डीएनएलाच पकडून खाली बसतो. म्हणून बफरमध्ये १.४ मोलर मीठ असतं आणि म्हणूनच मधल्या पायऱ्यांत पाणी घालून द्रावण पातळ करायचं नाही.

आंब्यासाठी माझा बफर: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर सोडियम क्लोराइड, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, २० मिलिमोलर ईडीटीए, २ टक्के पीव्हीपी-४०, आणि वापरायच्या क्षणी १ टक्का मर्कॅप्टोइथेनॉल. पीव्हीपी फिनॉलना धरून ठेवतं, मर्कॅप्टोइथेनॉल त्यांचं ऑक्सिडीकरण रोखतं. आदल्या दिवशी मर्कॅप्टोइथेनॉल घालून ठेवलेला बफर वापरू नका, त्याची ताकद उतरलेली असते. त्याचं काम फ्यूम हूडमध्येच करा. ज्यांच्याकडे हूड नाही त्यांनी सोडियम मेटाबायसल्फाइट वापरावं, ते कमी त्रासदायक आहे.

बफर आधीच ६५ अंशांवर तापवून ठेवा आणि धुतलेल्या पुडीवर गरमच ओता. एन्झाइमना काम करायला वेळ मिळता कामा नये. ६५ अंशांवर ४५ मिनिटं, दर दहा मिनिटांनी ट्यूब हळुवार उलटी-सुलटी. इथून पुढे व्हॉर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) बंद.

मग ट्यूब खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बर्फात ठेवू नका. सीटॅब साधारण १५ अंशांच्या खाली गोठून बाहेर पडतो, पांढरा साका दिसतो आणि पुढचं सगळं बिघडतं. याच कारणानं क्लोरोफॉर्मनंतरचं सेंट्रीफ्यूज ४ अंशांवर लावू नका, २० अंशांवर लावा. थंड म्हणजे सुरक्षित ही सवय आपल्या हाताला लागलेली असते; या दोन-तीन पायऱ्यांपुरती ती सोडावी लागते.

क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल, २४ला १, समान आकारमानात. दहा मिनिटं सावकाश उलटंसुलटं करा, मग १२,००० जी ला दहा मिनिटं. वरचा थर घेताना लोभ नको. मधल्या पांढऱ्या पडद्याच्या वर थोडा द्रव सोडून द्या. पिपेटची टोकं कापून रुंद करून घ्या. मधला पडदा जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत क्लोरोफॉर्म पुन्हा करायचं. आंब्याला दोनदा तरी लागतं. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्याच हव्यात, पॉलिस्टायरीन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. आणि उरलेला क्लोरोफॉर्म सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा.

पहिल्या क्लोरोफॉर्मनंतर आरएनेज ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) घाला, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंशांवर अर्धा तास. दुसरा क्लोरोफॉर्म मग ते एन्झाइमही काढून टाकतो.

अवक्षेपण

इथे मिठाचा दुसरा उपयोग होतो. वरच्या स्वच्छ द्रवात त्याच्या निम्म्या आकारमानाचं ५ मोलर सोडियम क्लोराइड मिसळा, म्हणजे मीठ अडीच मोलरच्या आसपास जातं. आता दोन आकारमान गार इथेनॉल घाला. एवढ्या मिठात पॉलिसॅकराइड बऱ्याच अंशी विरघळलेले राहतात आणि डीएनए खाली येतो. ट्यूब हळूच उलटी केली की चांगल्या नमुन्यात पांढरे धागे एकमेकांत गुंतून लोकरीसारखे गोळा होताना दिसतात. ते दिसले तर वाकवलेल्या काचेच्या काडीनं उचलून थेट ७० टक्के इथेनॉलमध्ये टाका, सेंट्रीफ्यूजची गरजच नाही. धागे दिसले नाहीत तर ५,००० जी ला दहा मिनिटं पुरे. त्याहून जोरात फिरवलं की पॉलिसॅकराइडही दाबून खाली बसतात आणि पेलेट दगडासारखा होतो.

उणे २० ला रात्रभर ठेवण्याची पद्धत अनेक प्रयोगशाळांत आहे. आंब्याच्या नमुन्याला मी ती वापरत नाही. जितका वेळ थंडीत, तितकं मीठ आणि पॉलिसॅकराइड जास्त.

७० टक्के इथेनॉलनं दोनदा धुवा, आत एवढं मीठ घातलंय ते निघायला हवं. मग पाच-दहा मिनिटं हवेत वाळवा. व्हॅक्यूममध्ये खडखडीत वाळवलेला डीएनए पुन्हा विरघळत नाही. विरघळवायला १० मिलिमोलर ट्रिस पीएच ८ आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए. नेहमीच्या टीई (ट्रिस-ईडीटीए) बफरमध्ये ईडीटीए दसपट असतं, आणि ते पीसीआरमधलं मॅग्नेशियम खातं. रात्रभर ४ अंशांवर ठेवा, पिपेटनं ढवळू नका.

किटबद्दल

किट वाईट नाही. पण सिलिका कॉलमवर थेट आंब्याचा रस ओतला की कॉलम तुंबतो आणि महागडी तुकडी वाया जाते. वापरायचंच असेल तर सॉर्बिटॉलची धुलाई आणि सीटॅब आधी, कॉलम शेवटची सफाई म्हणून. कॉलममधून गेलेला डीएनए सहसा काही दहा किलोबेसपर्यंत तुटतो. एसएसआर, शॉर्ट-रीड यांना ते पुरेसं आहे. आणखी एक: कॉलमच्या बफरमध्ये ग्वानिडिन क्षार असतात आणि ते थोडे जरी उरले तरी २६०/२३० खाली ओढतात. त्या कारणानं आलेलं १.५ आणि फिनॉलमुळे आलेलं १.५ यांत फार अंतर आहे. पहिल्यानं पीसीआर सहसा अडत नाही, दुसऱ्यानं अडतो.

चांगला झाला का, हे कसं कळणार

०.८ टक्के अगारोजवर लॅम्डा डीएनएसोबत चालवा. लॅम्डा ४८.५ किलोबेसचा आहे. तुमचा बँड त्याच्या बरोबरीनं किंवा वर, एकसंध, खाली धूसर शेपटी नसलेला हवा. साधं जेल याहून मोठे तुकडे वेगळे करू शकत नाही, त्यासाठी पल्स्ड-फील्ड जेल लागतं.

पण जेलवर सुंदर दिसणारा डीएनएसुद्धा पीसीआरमध्ये मुका राहू शकतो. तेव्हा दोन सोप्या चाचण्या. पहिली, नमुना जसाच्या तसा, १० पट, ५० पट आणि १०० पट पातळ करून चार पीसीआर. पातळ केल्यावर बँड आला तर अडवणारा पदार्थ आहे हे सिद्ध झालं. दुसरी, तुमच्याकडे भाताचा चांगला चालणारा डीएनए आहेच. भाताच्या पीसीआरमध्ये एक मायक्रोलिटर आंब्याचा नमुना मिसळा. भाताचाही बँड गेला तर दोष नमुन्यातल्या घाणीचा. भाताचा बँड आला आणि आंब्याचा येत नसेल तर प्रायमर, तापमान किंवा तुटलेला डीएनए तपासा. तात्पुरता उपाय म्हणून पीसीआरमध्ये बीएसए (एक प्रथिन) घालता येतो, तो उरलेले फिनॉल स्वतःवर ओढून घेतो.

डीडीरॅडसारखी रिस्ट्रिक्शन एन्झाइमवर आधारलेली पद्धत वापरणार असाल तर तिसरी चाचणी चुकवू नका: ईकोआरवन या रिस्ट्रिक्शन एन्झाइमसोबत काही तास ठेवून जेलवर बघा, आणि शेजारी एन्झाइम न घातलेला, फक्त एन्झाइमच्या बफरमध्ये तेवढाच वेळ ठेवलेला नमुना. एन्झाइमवाला एकसारखा विखुरला पाहिजे. एन्झाइम नसलेलाही तुटला, तर नमुन्यात न्यूक्लिएज शिल्लक आहे; बफरमधल्या मॅग्नेशियमनं ते जागं होतं. असा डीएनए फ्रीजमध्येही हळूहळू संपत जातो.

नॅनोपोरसाठी वेगळा रस्ता

एसएसआरला प्रति पीसीआर १० ते ५० नॅनोग्रॅम पुरतो आणि डीएनए थोडा तुटका असला तरी चालतं. शॉर्ट-रीडमध्ये तर डीएनए मुद्दाम काही शे बेसचे तुकडे करूनच वाचतात. नॅनोपोर किंवा पॅकबायो या दुसऱ्या लाँग-रीड तंत्राला लांबी आणि शुद्धता दोन्ही हवी असतात. पॉलिसॅकराइड राहिले तर नॅनोपोरची छिद्रं तुंबतात, फ्लो सेल (छिद्रं असलेली चिप) सुरुवातीला छान चालतो आणि काही तासांत जिवंत छिद्रांची संख्या कोसळते.

यासाठी आधी केंद्रकं वेगळी काढा: सुक्रोज, स्पर्मिन-स्पर्मिडिन आणि थोडं ट्रायटन असलेल्या बर्फगार बफरमध्ये पूड, मिराक्लॉथ या गाळायच्या कापडातून गाळणं, हळू वेगानं केंद्रकं खाली बसवणं, पांढरट पेलेट येईपर्यंत धुणं. ट्रायटन हरितलवकं फोडतं, त्यामुळे त्यांचा डीएनएही बराच निघून जातो. हा फायदा लहान नाही; पानाच्या डीएनएत हरितलवकाचा वाटा मोठा असतो आणि त्या रीड्सचेही पैसे आपणच भरतो. केंद्रकांवर मग सीटॅब, पण ट्यूब उलटी करतानाही हात सावकाश. शेवटी लहान तुकडे काढून टाकणारी पायरी.

आंब्याचा जीनोम सोयीचा आहे, गुणसूत्रं ४० आणि आकार सुमारे ४० कोटी बेस. गव्हाच्या तुलनेत फारच छोटा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एक जीनोम मांडणी हापूसवरच केलेली आहे. त्यामुळे तुम्हाला फक्त जातींमधले फरक शोधायचे असतील तर शॉर्ट-रीड करून त्या संदर्भाशी जुळवणं पुरे होईल. नॅनोपोर खरंच हवंय का, हे मार्गदर्शकांशी बोलून ठरवा. मोठे संरचनात्मक बदल शोधायचे असतील तरच त्याचा खर्च सार्थकी लागतो.

याच ओघात एक सांगतो, कारण हा प्रश्न बागायतदार हमखास विचारतील. देवगडचा हापूस आणि कर्नाटकातून येणारा हापूस डीएनएनं वेगळा ओळखता येईल का? दोन्हीकडची झाडं एकाच जातीची कलमं आहेत. एसएसआरचा ठसा एकच येणार. फळाचा प्रांत ओळखायला माती-पाण्याच्या खुणा शोधणाऱ्या रासायनिक पद्धती लागतात. हापूस म्हणून दुसरीच जात विकली जात असेल तर मात्र डीएनए ते नेमकं सांगेल.

तुमच्या नमुन्यांत एक तपासणी आयती हाताशी आहे. रत्ना हा नीलम आणि हापूसचा संकर, आणि सिंधू हा रत्नाचा पुन्हा हापूसशी केलेला संकर. म्हणजे प्रत्येक एसएसआर जागी रत्नाचा एक अ‍ॅलील नीलमकडून आणि एक हापूसकडून आलेला असला पाहिजे (अ‍ॅलील म्हणजे त्या जागेचं एक रूप), आणि सिंधूचा एक रत्नाकडून, एक हापूसकडून. नीलमचं खात्रीचं पान यादीत नसेल तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडे किंवा दापोलीच्या विद्यापीठाकडे विनंती करून मिळवा आणि पहिल्या तुकडीतच ही चारही पानं एकत्र चालवा. एखाद्या जागी हिशोब जुळला नाही तर तो प्रायमरचा दोष असू शकतो. अनेक जागी जुळला नाही तर लेबल अदलाबदल झालंय, नमुन्यात दुसरा डीएनए मिसळलाय, किंवा पान जोडाच्या खालचं आहे. तेव्हा बाकीचे नमुने पुढे न रेटता झाडाच्या फोटोपासून पुन्हा बघायला घ्या.